अपस्मार आणि आपली पालेभाजी

आकडी आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा धरण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. ज्या घरात कांदा उंबरठ्याच्या आत येत नाही, तेथेही तो शेजारून मागविलेला आम्ही पाहिला आहे. वस्तुतः फेफरे हा दैवी कोप नसून मेंदूचा विकार आहे, हे हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथात सुमारे २,४०० वर्षांपूर्वीच सांगितले आहे. चरकसंहितेतही अपस्माराची चिकित्सा दिलेली आहे. गुणकारी औषधे मात्र फार उशिरा लाभली: १८५७ साली ब्रोमाइड, १९१२ साली फेनोबार्बिटाल, १९३८ साली फेनिटॉइन.

परंतु सभासद बंधूंना आवर्जून सांगावयाचे ते संशोधन आपल्याच देशातील आहे. सी. टी. स्कॅनचे यंत्र आल्यावर आकडीच्या पुष्कळ भारतीय रुग्णांच्या मेंदूत एकच बारीक गाठ आढळू लागली. ती क्षयाची समजून महिनेच्या महिने क्षयाची औषधे दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉ. चांडी, डॉ. राजशेखर व त्यांचे सहकारी यांनी अशा काही गाठी शस्त्रक्रियेने काढून तपासल्या, तो निघाली डुकराच्या पट्टकृमीची अळी! हे त्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केले.

“डुकराचा आणि आमचा काय संबंध?” असे आमच्या आप्तांतील एका आजीबाईंनी डॉक्टरांना खडसावून विचारले होते. नातवाच्या आजारापेक्षा त्या शब्दाचाच त्यांना अधिक धक्का बसला. संबंध असा: नीट न शिजलेले डुकराचे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात हा कृमी वाढतो व त्याची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात. सांडपाण्यावर पिकविलेली कोथिंबीर, अस्वच्छ हात किंवा दूषित पाणी यांतून ती दुसऱ्याच्या पोटात गेली, म्हणजे अळी मेंदूपर्यंत पोहोचू शकते. धान्यातील खडा डोळ्यांनी वेचता येतो. हे अंडे दिसत नाही. उकळलेल्या प्रासुक पाण्याचा आपला नेम येथे उपयोगी पडतो, पण कच्च्या कोथिंबिरीला तो पुरत नाही. सर्वच फेफरी या कृमीमुळे येतात असे मात्र कोणी समजू नये.

त्या मुलाची गाठ विरली, पुढे औषधही थांबले. तरी सोयरिकीच्या वेळी हे झाकून ठेवा, असे सांगणारे वडीलधारे कमी नव्हते. आपणां जैनांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराची अट १९९९ सालीच काढून टाकण्यात आली आहे, हे त्यांच्या गावीही नव्हते. मुलाच्या वडिलांनी सारे कागद मुलीकडच्यांपुढे ठेवले, आणि विवाह झाला.

पुढील आशा रोगाच्या उगमापाशी आहे. डुकरांना टोचावयाची लस ऑस्ट्रेलियातील संशोधनातून निघाली व तिचे उत्पादन हैदराबादेच्या कंपनीने हाती घेतले. लसीबरोबर कृमिनाशक औषध दिल्यास डुकरांतील प्रसार थांबतो, असे नेपाळातील प्रयोगात दिसून आले आहे.