शंभरातले वीस

1934 साली जॉन स्टाल यांनी युनिव्हर्सल कंपनीसाठी दिग्दर्शित केलेल्या ‘इमिटेशन ऑफ लाइफ’ या बोलपटात, दिवंगत पतीचा मेपलच्या पाकाचा धंदा नेटाने चालविणारी बी पुलमन ही गोरी विधवा, आपली कृष्णवर्णीय मोलकरीण डिलायला हिच्या हातच्या पॅनकेकवर प्रथम दुकान थाटते आणि पुढे त्याचे तयार पीठ डब्यांत भरून विकत अपार वैभवास पोहोचते. कृती डिलायलाची, डब्यावर चित्रही तिचेच. मालकीचा हिस्सा मात्र शेकडा वीस, आणि तोही ती भाबडेपणाने नाकारते! चित्रपट हा व्यवहार औदार्य म्हणून मांडतो. आजच्या प्रेक्षकास तो खटकल्यावाचून राहत नाही.

बीच्या प्रियकरावर तिच्याच कन्येचे मन जडते, म्हणून ती विवाह लांबणीवर टाकते. क्लॉडेट कोल्बर्ट यांनी हे शालीनतेने वठविले असले, तरी तो त्याग काहीसा बेतीव वाटतो. खरी वेदना आहे ती गोरी म्हणून जगण्यासाठी जन्मदात्रीची ओळख नाकारणाऱ्या डिलायलाच्या कन्येची, पिओलाची. ही भूमिका त्या काळच्या रिवाजाविरुद्ध फ्रेडी वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय अभिनेत्रीकडेच सोपविली गेली. आणि लुईस बीव्हर्स यांच्या डिलायलासमोर ती उभी राहते, तेव्हा नायिकेची प्रेमकथा फिकी पडते.