मांजर : घरात की दारात?

पाळलेले मांजर घरात ठेवावे की बाहेर सोडावे, हा प्रश्न आपल्या आजोबांना पडला नाही. वाड्यात धान्याच्या कणग्या होत्या, माळ्यावर उंदीर होते. मांजर रात्री कौलांवरून हिंडे आणि सकाळी दुधाला परत येई. आज आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि खाली मोटारींचा रस्ता आहे. जुनीच रीत चालविणे म्हणजे मांजराला स्वातंत्र्य देणे नव्हे; आपली जबाबदारी टाळणे होय.

बाहेर मोटारी आहेत, भांडखोर बोके आहेत, रेबीजचे भय आहे. शिवाय पोट भरले म्हणून मांजराची शिकार थांबत नाही. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर १८९४ च्या सुमारास दीपगृहाच्या वस्तीबरोबर मांजरे आली, आणि तेथला उडता न येणारा एक चिमुकला पक्षी थोड्याच काळात, मुख्यतः त्यांच्यामुळे, नामशेष झाला. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे १ जुलै २०२२ पासून जन्मलेली मांजरे आवारातच ठेवावी लागतात.

परंतु नुसते दार लावून भागत नाही. कोंडलेले मांजर कंटाळते, लठ्ठ होते. त्याला जाळी लावलेली खिडकी हवी, चढायला उंच फळी हवी, नखे घासायला काथ्या गुंडाळलेला खांब हवा, रोज साफ केलेली वाळूची पेटी हवी आणि थोडा वेळ आपणही हवेत. रेबीजची लस व नसबंदी तर आवश्यकच.

एवढे आपल्या हातून होणार नसेल, तर मांजर न पाळणे हाच त्याच्यावरचा खरा लोभ होय.