फिश करी, व्हाया खुलताबाद!

वेरूळची लेणी, भद्रा मारुती, जमलंच तर म्हैसमाळ. आपला खुलताबादचा वीकेण्ड यापलीकडे जात नाही. मीही तशीच निघाले होते. पण मैत्रिणीच्या काकांनी जीप आल्याच्या शेताकडे वळवली. 'चला, आमचा स्विमिंग पूल दाखवतो!'

पूल म्हणजे प्लास्टिकचं अस्तर लावलेलं शेततळं. पाणी हिरवंगार. 'शी, किती घाण!' निघालंच तोंडून.

'घाण नाही पोरी, जेवण आहे ते.'

२०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि मराठवाड्यात अशी तळी गावोगाव दिसू लागली. पाणी पिकासाठीच, पण साठलंच आहे, तर काकांनी त्यात कटला, रोहू, मृगळ हे कार्प जातीचे मासे सोडले. कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या थरात शेवाळावर जगतो, मृगळ तळाचा गाळ चिवडतो. एकाच मेसमध्ये तीन टेबलं, भांडण नाही!

गोची प्लास्टिकची. पाणी मुरत नाही, पण मातीतून मिळणारं पोषणही तुटतं. पाणी नितळ, मासा उपाशी. पहिल्या वर्षी काकांनी तयार खाद्याची पोती ओतली. बिल वाढलं, उरलेलं खाद्य तळाशी कुजलं. आता कोपऱ्यात शेणाचं पोतं पाण्यात बांधलेलं असतं. त्यातून खत झिरपतं, सूक्ष्म शेवाळ आणि त्यावर जगणारे जीव वाढतात, मासे तेच खातात. जोडीला थोडी शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा. आपण जिममध्ये ज्याचं कौतुक करतो ते ओमेगा-३ मुळात शेवाळातच तयार होतं. नुसत्या धान्य-कोंड्यावर पोसलेल्या कार्पमध्ये ते कमी भरतं.

पण हिरवं म्हणजे किती हिरवं? काकांनी बाही सारून हात पाण्यात घातला. कोपर बुडेपर्यंत तळवा दिसेनासा झाला, तर बरोबर. त्याआधीच गायब झाला, तर शेण बंद. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, पण रात्री तोच ओढून घेतं. फार माजलं की पहाटे मासे तोंड वर काढून तडफडतात.

'एका पहाटे अर्धं तळं पांढरं झालं होतं,' काका म्हणाले. मासे विकून आल्याचं बेणं घ्यायचं ठरलं होतं. पुढचं ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

निघताना आभाळ भरून आलं. ऊन नाही, म्हणजे प्राणवायूही कमी. काकांनी पोतं ओढून काठावर ठेवलं. पहाटे चारला पुन्हा येऊन बघणार होते.

'करी पुढच्या खेपेला,' म्हणाले.