वाढत्या वेबसाइटसाठी होस्टिंग कोणते घ्यावे?

होस्टिंग म्हणजे आपल्या वेबसाइटसाठी सर्व्हरवर भाड्याने घेतलेली जागा. उरणकरांनो, मोरा ते भाऊचा धक्का ही लाँच आठवा. शेअर्ड होस्टिंग तसंच: भाडं कमी, पण इतरांची गर्दी झाली की आपणही अडकतो. व्हीपीएस म्हणजे त्याच लाँचमध्ये आपल्यासाठी राखलेली बाकं. डेडिकेटेड म्हणजे अख्खी लाँच आपली, खर्चही आपलाच. क्लाउडमध्ये गर्दीनुसार जादा लाँच सोडता येते, पैसे वापराप्रमाणे.

छोट्या शाळेच्या साइटला एरवी शेअर्ड पुरतं. पण प्रवेशयादी लागली की सगळे पालक एकदमच येतात. म्हणून रोजची नव्हे, त्या दिवसाची गर्दी मोजा. आधी फोटो हलके करा, व्हिडिओ यूट्यूबवर ठेवा. तरीही साइट रखडली, तरच पुढचा प्लॅन घ्या. आणि प्लॅन कुठलाही असो, बॅकअप स्वतःकडे ठेवाच!