वाचनालयाचा पैसा आणि मतदाराचा कौल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतल्या अनेक शहरांत सार्वजनिक वाचनालयासाठी जादा पैसा उभारायचा की नाही, हे मतदार मतपेटीतून ठरवतात. या पद्धतीविषयी तिथेही आणि आपल्याकडेही काही गैरसमज आहेत.

गैरसमज : सगळा पैसा एका भव्य इमारतीत जातो.
वस्तुस्थिती : सिअ‍ॅटलच्या मतदारांनी 1998 मध्ये 19 कोटी 64 लाख डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. त्यातून 2004 मध्ये उघडलेले काचेचे मध्यवर्ती वाचनालय जगभर गाजले. पण त्याच योजनेत शहरातल्या जुन्या शाखांची दुरुस्ती आणि विस्तार झाला, काही शाखा नव्याने बांधल्या गेल्या आणि वाचनालय नसलेल्या वस्त्यांनाही ते मिळाले.

गैरसमज : इमारत उभी राहिली की पैशाची गरज संपते.
वस्तुस्थिती : खरा खर्च तिथून पुढे सुरू होतो. मंदीच्या काळात सिअ‍ॅटलच्या नव्याकोऱ्या इमारतींनाही टाळे लागू लागले. 2009 पासून चार वर्षे दरवर्षी एक आठवडा सगळी वाचनालये बंद राहिली. 2012 मध्ये मतदारांनी सात वर्षांसाठी सुमारे 12 कोटी डॉलरचा जादा मालमत्ता कर स्वीकारला आणि हे आठवडे थांबले. हा पैसा उघडे राहण्याचे तास, पुस्तके व ई-पुस्तके, संगणकसेवा आणि इमारतींची देखभाल या चार कामांसाठी होता.

गैरसमज : एकदा लावलेला कर कायमचा मानगुटीवर बसतो.
वस्तुस्थिती : सिअ‍ॅटलमधल्या या कराला मुदत आहे. सात वर्षे संपली की पुन्हा लोकांपुढे जाऊन, काय केले आणि पुढे काय करणार, हे सांगावे लागते. 2019 मध्ये मतदारांनी तो पुन्हा मंजूर केला. कौल मागणे म्हणजे दरवेळी नवा करच, असेही नाही. 2011 मध्ये लॉस एंजेलिसच्या मतदारांनी कर न वाढवता, शहराच्या उत्पन्नातला वाचनालयांचा राखीव वाटा वाढवला. कपातीमुळे सोमवारी बंद झालेल्या शाखा त्यामुळे पुन्हा उघडल्या.

गैरसमज : लाभ फक्त मतदारांना आणि पुस्तकप्रेमींना.
वस्तुस्थिती : सिअ‍ॅटलमध्ये राहणाऱ्या, शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या कोणालाही वाचनालयाचे कार्ड विनामूल्य मिळते. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही, म्हणून व्हिसावर आलेल्या, मतदानाचा हक्क नसलेल्या मराठी कुटुंबातली मुलेही तिथून पुस्तके आणतात. घरी इंटरनेट नसलेल्यांना वाय-फायचे छोटे यंत्रही पुस्तकासारखे घरी नेता येते. 2019 च्या कौलानंतर उशिराचा दंड रद्द झाला. पुस्तक हरवले तर भरपाई आजही द्यावी लागते, पण थकलेल्या दंडापायी गरीब घरातल्या मुलाचे कार्ड अडून राहत नाही.

गैरसमज : लोकांनी नाही म्हटले तरी सरकार कुठून तरी सोय करतेच.
वस्तुस्थिती : कॅलिफोर्नियातले सॅलिनास हे नोबेल विजेते कादंबरीकार जॉन स्टाइनबेक यांचे जन्मगाव. 2004 मध्ये तिथल्या मतदारांनी कराचे प्रस्ताव फेटाळले आणि गावातली सगळी वाचनालये कायमची बंद होण्याची वेळ आली. देणग्यांवर त्यांनी कसाबसा तग धरला. 2005 मध्ये लोकांनीच अर्धा टक्का विक्रीकर मंजूर केला, तेव्हा ती वाचली.

महाराष्ट्रात 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, पण तमिळनाडूसारखा ग्रंथालय उपकर नाही. शासनाचे अनुदान आणि वाचकांची वर्गणी यांवर आपली वाचनालये चालतात आणि अनुदान किती असावे यावर वाचकाला थेट कौल देता येत नाही. म्हणून सिअ‍ॅटलचा हिशेब आपणही नीट पाहायला हवा. तिथे किती पैसा, कशासाठी आणि किती वर्षे, हे लोकांना आधी कळते. वाचनालयाला हक्काचा पैसा आणि वाचकाला हिशेब मागण्याचा हक्क, या दोन्ही गोष्टी एकत्रच मागायला हव्यात.