रोजची गाडी, ट्रॅकचा दिवस आणि ब्रेक पॅड

मोटारीचे अंतरंग : लेखांक ९

ब्रेक पॅडची निवड ही मुळात तापमानाची निवड असते. पॅडवरचा घर्षण-पदार्थ आणि बिडाची डिस्क यांच्यातली पकड सगळ्या तापमानांना सारखी राहत नाही. प्रत्येक पॅडला एक खालची मर्यादा असते, तिच्याखाली तो नीट धरत नाही. आणि एक वरची, ती ओलांडली की पकड झपाट्याने सुटते. ऑफिसला जाणाऱ्या गाडीच्या डिस्क बहुतेक वेळ शंभर-दीडशे अंश सेल्सिअसच्या आतबाहेर असतात. तीच गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर जोरात चालवली, तर डिस्क चारशे-पाचशे अंशांवर सहज जाते. या दोन्ही टोकांना तितकाच चांगला चालणारा पॅड बाजारात नाही. जाहिरात काहीही म्हणो, कुठेतरी तडजोड करावीच लागते; ती कुठे करायची एवढाच प्रश्न उरतो.

फरक किती मोठा आहे ते साध्या गणितातून दिसते. चालकासह १२०० किलो भरणारी हॅचबॅक ताशी ६० किलोमीटरवरून सिग्नलला थांबते, तेव्हा साधारण १६७ किलोजूल ऊर्जा उष्णतेत बदलते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवरचा लांब सरळ पट्टा संपताना तीच गाडी १७० वरून ७० वर आणली, तर हा आकडा ११११ किलोजूलवर जातो. कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. यातला ७० टक्के भार पुढच्या चाकांवर पडला आणि पुढची एकेक डिस्क सहा किलोची असली, असे धरू. मग सिग्नलच्या थांब्याने डिस्क सुमारे २१ अंशांनी तापते आणि सर्किटवरच्या त्या एका ब्रेकने सुमारे १४० अंशांनी. हवेचा रोध आणि इंजिनाचा हातभार धरला तर आकडे थोडे उतरतील, प्रमाण मात्र तेच राहील. शिवाय सिग्नलनंतर डिस्कला निवायला सवड मिळते. सर्किटवर ती निवते न निवते तोच पुढचे वळण येते, आणि दोन-तीन फेऱ्यांत उष्णता साठत जाते.

घाटातली उष्णता वेगळ्या जातीची असते. तिथे जोराचा ब्रेक क्वचित लागतो, पण पाय पेडलवर मिनिटेच्या मिनिटे टेकलेला राहतो आणि पॅड सतत घासत असतो. उतारावर ब्रेकचा जळका वास येतो म्हणून ट्रॅकचे पॅड शोधणाऱ्याने आधी गिअर खाली टाकून पाहावा; बहुतेकांचे काम तेवढ्यात होते.

कंपनीतून गाडीसोबत येणारे पॅड बहुधा ॲस्बेस्टॉसविरहित सेंद्रिय किंवा कमी धातूच्या मिश्रणाचे असतात. तंतू, ग्राफाइट, खनिजांची भुकटी आणि रबराचा चुरा फिनॉलिक रेझिनमध्ये बांधून, दाबून, भाजून ते तयार होतात. आवाज कमी, धूळ कमी, डिस्कची झीज कमी आणि थंड असतानाही पहिल्या स्पर्शाला पकड, हे त्यांचे गुण. कमकुवत दुवा म्हणजे ते रेझिन. साधारण तीनशे-साडेतीनशे अंशांपुढे ते विघटित होऊ लागते आणि पकड घसरते. सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये पोलादी तंतू आणि लोहचूर्ण भरपूर असते. ते उष्णता जास्त सोसतात, पण धूळ आणि आवाजही जास्त करतात. ‘सिरॅमिक’ या शब्दाने पुष्कळ गिऱ्हाइके फसतात. महागड्या स्पोर्ट्स कारच्या कार्बन-सिरॅमिक डिस्कशी बाजारातल्या सिरॅमिक पॅडचा काही संबंध नाही. हे पॅड अलॉय व्हील स्वच्छ राहावीत आणि ब्रेक शांत राहावेत म्हणून बनवलेले असतात. शहरात ते उत्तम, ट्रॅकसाठी मात्र त्यांच्यावर जादा पैसे घालवू नयेत.

ट्रॅकसाठीच्या पॅडचे दोन गट करता येतात. पहिला ‘फास्ट रोड’ म्हणून विकला जाणारा : फेरोडोचा डीएस २५०० किंवा ईबीसीचा यलोस्टफ ही त्यातली परिचित नावे. डीएस २५०० ची कामाची कक्षा साधारण पाचशे अंशांपर्यंत मानली जाते, आणि थंड असतानाही तो रस्त्यावर वापरण्याजोगा धरतो. दुसरा गट निव्वळ शर्यतीच्या पॅडचा. हे सहाशे-सातशे अंशांनाही पकड सोडत नाहीत, पण सकाळी सोसायटीच्या फाटकाबाहेर पडताना ते अक्षरशः लाकडासारखे वागतात. पेडल दाबले तरी गाडी हवी तशी मंदावत नाही, आणि पावसाळ्यात ओल्या डिस्कवर हा उशीर आणखी जाणवतो. समोर अचानक रिक्षा वळली, तर पॅड तापण्याची वाट पाहायला वेळ नसतो. थंड असताना हे पॅड डिस्कही खरवडतात, सिग्नलला कर्कश शीळ घालतात, आणि त्यांची लोहयुक्त धूळ चाकावर ओली होऊन गंजली की घासूनही निघत नाही.

पाकिटावरचे तापमानाचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. ते मोजण्याची सगळ्या उत्पादकांना बांधणारी एकच पद्धत नाही. त्यापेक्षा पॅडच्या कडेवर छापलेली दोन अक्षरे वाचावीत, तीही त्यांची मर्यादा ओळखून. अमेरिकी एसएई पद्धतीत ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिले अक्षर सामान्य तापमानाचे, दुसरे तप्त अवस्थेचे. ‘एफई’ पॅड तापल्यावर ढिला पडतो, ‘एफएफ’ आपली पातळी टिकवतो. पण ही चाचणी पॅडच्या एका छोट्या तुकड्यावर आणि साधारण ३४० अंशांपर्यंतच होते. ट्रॅकचा खरा खेळ त्यापुढे सुरू होतो. युरोपच्या ‘आर ९०’ नियमाची खूण असलेला पॅड मूळ पॅडच्या कामगिरीपासून १५ टक्क्यांहून दूर जात नाही. रोजच्या गाडीसाठी ही खूण भरवशाची आहे. शर्यतीच्या पॅडवर ती सहसा नसते.

घर्षणांक जितका जास्त तितका पॅड चांगला, हा समजही सोडून द्यावा. थंड ब्रेकचा एकच जोरदार थांबा घेतला, तर थांबण्याचे अंतर मुख्यतः टायर ठरवतो. चाक लॉक होण्याइतका जोर कंपनीच्या पॅडमध्येही असतो, नाहीतर एबीएसला कामच उरले नसते. चांगला पॅड पहिल्या वळणाचे अंतर कमी करत नाही. दहाव्या वळणाला ते वाढू देत नाही. म्हणून ट्रॅकवर घर्षणांकाच्या मोठेपणापेक्षा त्याचे सातत्य मोलाचे ठरते.

ब्रेक ‘गेला’ असे चालक म्हणतो तेव्हा दोन अगदी वेगळ्या गोष्टी घडलेल्या असू शकतात, आणि त्यांतला भेद पायाला कळतो. पेडल नेहमीसारखे घट्ट आहे, पण दाबूनही गाडी मंदावत नाही, तर पॅड त्याच्या मर्यादेपलीकडे गेला आहे. पेडल मऊ पडून तळाला जात असेल, तर ब्रेक ऑइल उकळले आहे. ऑइलचे बुडबुडे दाबले जातात आणि पायाचा जोर पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरपर्यंत पोहोचतच नाही. हे दुसरे संकट जास्त घातक. नवे डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळायचे नाही असा दंडक आहे. पण हे ऑइल हवेतली ओल शोषते आणि मुरलेल्या ऑइलसाठी तोच दंडक १५५ अंशांवर येतो. डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८० आहेत. दमट किनारपट्टीवर दोन पावसाळे काढलेले ऑइल घेऊन ट्रॅकवर गेलेल्या गाडीला महागडे पॅड वाचवू शकत नाहीत. उलट ते जास्त तापमानालाही काम करत राहतात आणि ती उष्णता कॅलिपरच्या पिस्टनमार्गे ऑइलकडे जाते. त्यामुळे खर्चाचा क्रम आधी ताजे ऑइल, मग पॅड, असा असावा. डॉट ५ हे सिलिकॉनचे ऑइल असून नाव जवळचे असले तरी ते यांत मिसळायचे नसते.

आता प्रत्यक्ष निवड. वर्षातून एखादा ट्रॅक डे करणाऱ्या नवशिक्याला कंपनीचे चांगल्या स्थितीतले पॅड आणि नवे ऑइल पुरते. तीन-चार जोराच्या फेऱ्यांनंतर एक फेरी ब्रेक न वापरता सावकाश काढण्याची शिस्त मात्र हवी. कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेची फेरी २.१ किलोमीटरची आहे आणि तिथे वेग फार चढत नाही, तिथे तर हे विशेष खरे. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला ३.७ किलोमीटरच्या मद्रास सर्किटवर किंवा ५.१२५ किलोमीटरच्या बुद्ध सर्किटवर हात बसलेला चालक उतरला, की कंपनीचे पॅड हार मानतात. त्याला फास्ट रोड पॅड घ्यावे लागतात. इथे महाराष्ट्रातल्या हौशी चालकाची एक खास अडचण आहे. पुण्याहून कोइमतूर बाराशे किलोमीटरच्या आसपास, आणि गाडी ट्रेलरवर नेणारे थोडेच. बहुतेक जण त्याच गाडीने महामार्गाने जातात आणि परत येतात. शर्यतीचे पॅड लावून हा प्रवास करणे म्हणजे थंड, आळशी ब्रेकवर दोन दिवस ट्रकांच्या मागेपुढे चालणे. शर्यतीचे पॅड घ्यायचेच असतील, तर ते डिकीतून न्यावेत आणि तिथे बदलावेत.

बदलण्याचे काम अवघड नाही. एका पिस्टनच्या सरकत्या कॅलिपरला मागून दोन बोल्ट असतात. खालचा काढला की कॅलिपर वर उचलला जातो आणि पॅड हाताने सरकवून बाहेर येतात. नवे पॅड जाड असल्याने पिस्टन सी-क्लॅम्पने आत दाबावा लागतो. त्या वेळी बॉनेटखालच्या टाकीतले ऑइल वर चढते, ते सांडून रंगावर पडले तर रंग सोलवटतो, म्हणून आधी झाकण उघडून पातळी पाहावी. सरकत्या पिनांना उष्णता सोसणारे सिलिकॉन ग्रीस लागते, साधे चालत नाही. चाक बसवल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहावे. पिस्टन आत ढकललेला असल्याने पहिले पेडल सरळ तळाला जाते, आणि हे विसरून रिव्हर्स टाकणाऱ्याची गाडी भिंतीला टेकूनच थांबते.

नवा पॅड लगेच ट्रॅकवर नेऊ नये. तो डिस्कवर स्वतःच्या पदार्थाचा पातळ, एकसारखा थर चढवतो आणि पुढची पकड बरीचशी त्या थरावर अवलंबून असते. मोकळ्या, सुरक्षित जागी मध्यम वेगावरून गाडी पूर्ण न थांबवता आठ-दहा वेळा ठामपणे मंद करायची, मग काही किलोमीटर ब्रेक न लावता निववायची, ही सर्वसाधारण रीत. उत्पादकाने वेगळी सांगितली असेल तर तीच पाळावी. तापलेल्या ब्रेकवर पाय ठेवून उभे राहिले, की पॅडचा ठसा डिस्कवर एका जागी बसतो आणि नंतर ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरते. गॅरेजमध्ये याला ‘डिस्क वाकली’ म्हणतात, पण वाकलेली डिस्क फार क्वचित सापडते. दोष बहुधा असमान थराचा असतो. दोन वेगळ्या जातींचे पॅड आलटून पालटून एकाच डिस्कवर वापरल्यानेही हे थर एकमेकांत बिघडतात. परवडत असेल तर ट्रॅकच्या पॅडसाठी डिस्कची वेगळी जोडी ठेवावी.

मागच्या चाकांशी फार खेळू नये. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकना मागे ड्रमच असतात आणि ट्रॅकवरही ते पुरून उरतात. मागे डिस्क असेल, तर तिथला पॅड पुढच्यापेक्षा आक्रमक कधीच नसावा. मागची चाके आधी लॉक झाली की गाडी शेपूट पुढे करते.

ट्रॅकच्या प्रत्येक सत्रानंतर चाकाच्या फटीतून टॉर्च मारून पॅड पाहावा. कडा राखाडी-पांढऱ्या होऊन भुगा पडत असेल, पृष्ठभागावर चिरा असतील किंवा पिस्टनभोवतीचे रबर करपले असेल, तर पॅड त्याच्या मर्यादेबाहेर चालला आहे. डिस्क किती तापली ते अंदाजाने सांगण्यापेक्षा तिच्या कडेला उष्णतामापक रंग लावावा. हिरवा ४३० अंशांना पांढरा पडतो, केशरी ५६० ला पिवळा आणि लाल ६१० ला पांढरा. यातून पुढचा पॅड कोणत्या कक्षेचा घ्यायचा ते ठरते. रस्त्यावर पॅड तीन मिलिमीटरपर्यंत झिजू दिला तरी चालते. ट्रॅकवर मात्र तो निम्मा झिजला की बदलावा, कारण पातळ पॅड उष्णता अडवत नाही, थेट पिस्टनला आणि ऑइलला देतो.

एकाच पॅडवर दोन्ही कामे भागवायची असतील, तर तो रस्त्याच्या बाजूने झुकलेला फास्ट रोड पॅड असावा. शर्यतीचा पॅड रोजच्या गाडीत कायमचा बसवू नये.