उरचा झिगुरात : मातीतून उभी राहिलेली वास्तू

दक्षिण इराकमधील उर या प्राचीन नगरात राजा उर-नम्मू याने इ.स.पू. २१व्या शतकात चंद्रदेव नन्नासाठी झिगुरात (माथ्यावर देऊळ असलेला, टप्प्याटप्प्यांनी चढत जाणारा भव्य चौथरा) बांधायला घेतला. त्याचा मुलगा शुल्गी याच्या काळात तो पूर्ण झाला. तळ सुमारे ६४ मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद.

त्या गाळाच्या मैदानात बांधकामाचा दगड मिळत नसल्याने सगळी भिस्त मातीवरच होती. भरीव गाभा उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचा, बाहेरचे जाड कवच भट्टीत भाजलेल्या विटांचे, आणि ते सांधायला नैसर्गिक डांबर. अनेक विटांवर राजाच्या नावाचा शिक्का आहे.

या बांधकामातली सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे पाण्याचा केलेला विचार. कच्ची वीट ओल धरली की फुगते. म्हणून गाभ्यातली ओल बाहेर पडावी यासाठी पक्क्या भिंतीत जागोजागी भोके ठेवली, विटांच्या थरांमध्ये बोरूच्या चटया अंथरल्या. भिंतीही आत किंचित कललेल्या आहेत. दर्शनी बाजूचे तीन लांब जिने वर एकत्र येतात. माथ्यावरचे देऊळ मात्र उरलेले नाही.

इजिप्तमध्ये सक्कारा येथील जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड उरच्या झिगुराताहून कित्येक शतके जुना. दिसायला तो झिगुराताचा भाऊबंद वाटतो, पण तो चुनखडीच्या दगडाचा आहे आणि त्याच्या पोटाखाली राजाची कबर आहे.

उरच्या वास्तूची डागडुजी बाबिलोनचा राजा नबोनिडस याने इ.स.पू. ६व्या शतकात केली. पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात येथे उत्खनन केले. आज दिसणारा खालच्या टप्प्याचा दर्शनी भाग बराचसा १९८०च्या दशकातल्या पुनर्बांधणीचा आहे.